मनकर्णाबाईच्या महालक्ष्म्या

वलगावात आमची आणि मनकर्णाबाईची भिंत एकच. तिचा नवरा खुशालराव मला मोठ्या भावासारखा, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो आणि ती मला भाऊजी. खुशालराव गेल्यापासून भाद्रपदात तिच्या महालक्ष्म्यांचा खड्डा मीच खणतो. मला लिहिण्याची सवय नाही, आणि हे कितपत नीट उतरेल याची खात्रीही नाही. पण गावात या बाईबद्दल जे बोललं जातं ते अर्धंच आहे.

पुण्याकडे गौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्या. मनकर्णाबाईच्या घरची रीत कडक. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील असा स्वयंपाक होतो आणि त्यातला घासही उंबऱ्याबाहेर जात नाही. ज्याला खायचं त्यानं घरात बसून खावं. उरलंसुरलं, पत्रावळी, हात धुतलेलं पाणीसुद्धा परसातल्या खड्ड्यात जातं आणि वर माती लोटायची. घरची लक्ष्मी बाहेर जाऊ नये, म्हणून.

बाई गोड स्वभावाची मुळीच नाही. एकदा एका सवाष्णीनं लेकरासाठी करंजी पदरात बांधली, तर हिनं भरल्या पंगतीत तिला थांबवलं. "लेकरू अठी आण अन् पाहिजे तेवढं चार त्याले. पदरात बांधून काय नेऊन राहिली वं चोट्टीसारखी?" ती बाई पुन्हा कधी आली नाही. मनकर्णाबाईला त्याचं काही वाटलं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा शिवम. टेक्सासात कंपनीत आहे. सून सीमा अकोल्याची. तिच्या माहेरी महालक्ष्म्या नाहीत. गेल्या वर्षी मनकर्णाबाईनं मुलाला हट्टानं बोलावून घेतलं. गुडघे गेले होते, खाली बसलं की दोघींनी धरून उठवावं लागे. आता महालक्ष्म्या सुनेच्या ओटीत घालायच्या, असं तिनं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी सासूनं मुखवटे सुनेच्या पदरात दिले की त्या तिच्या झाल्या. त्यासाठी अमरावतीहून हिरवी पैठणी आणून ठेवली होती. साऱ्या गल्लीला सांगून झालं होतं.

सीमा आली ती दोन मोठ्या बॅगा आणि एक यंत्र घेऊन. पिशवीतली हवा ओढून तोंड चिकटवायचं यंत्र. मला वाटलं, असेल काही तिकडचं.

महालक्ष्मीच्या दिवशी ती फोन समोर धरून घरभर फिरली. फोनमध्ये त्यांच्या तिकडच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका होत्या. "अय्या, त्या दोघींच्या मध्ये ती बाळंही असतात का तुमच्याकडे?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "आणि ते पातेल्यात काय, पेज?"

"आंबील," सीमा म्हणाली. "ज्वारीची."

"तुम्हा नागपूरकडच्या लोकांचं सगळंच वेगळं बाई." तिकडे हसण्याचा आवाज झाला.

सीमाही हसली. फोन बंद केल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. मी परसात कुदळ टेकवून उभा होतो. ती मला म्हणाली, "बघितलं ना काका? दहा वर्षं हेच. मी अकोल्याची म्हणून सांगते, तरी नागपूरकडची. गणपतीला मोदक त्यांचे, दिवाळीला फराळ त्यांचा. आपलं काही ताटात मांडलं की नाकं मुरडतात. यंदा मी त्यांना खाऊच घालणार आहे."

मी पुन्हा खणायला लागलो.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि पहिली पंगत बसायच्या आत स्वयंपाकघरातून गुरगुरल्यासारखा आवाज येऊ लागला. मनकर्णाबाई भिंत धरत आत गेली. मागोमाग पाण्याची बादली घेऊन मी. ओट्यावर पुरणपोळ्या, करंज्या, वडे प्लास्टिकमध्ये आवळून चपट्या करून ठेवल्या होत्या. रास होती चांगली. शिवम प्रत्येक पाकिटावर कागदाची चिठ्ठी चिकटवत होता.

"हे काय होय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"प्रसाद, आई," सीमा म्हणाली. "मंडळात वाटायला. फ्रीजरमध्ये टिकतो."

"शिवम, तू सांगतलं नाई इले?"

शिवम चिठ्ठी चिकटवत म्हणाला, "आई, आता कोण मानतं हे? अन्न मातीत घालायचं त्यापेक्षा चार लोकांच्या तोंडी लागलं तर काय वाईट?"

"चार लोकं अठी बसले ना बाहेर. त्याईच्या पानात पडलं नाई अजून, अन् तू विमानातल्याइचं बांधून राहिला?"

"हळू बोला ना आई, बाया ऐकतात," सीमा म्हणाली.

"ऐकू दे. त्याईले बी समजू दे का माह्या घरात चोरी होऊन राहिली."

सीमाचा हात यंत्रावरच थांबला. "चोरी? या घराची सून आहे मी. उद्या या महालक्ष्म्या माझ्या होणार, मग प्रसाद कुणाचा?"

"उद्या. आज माह्या हायेत."

"मग ठेवा तुमच्याच जवळ!" सीमा म्हणाली. "तिकडे ते हसतात, इकडे तुम्ही चोर म्हणता. तिकडे मी नागपूरची, इकडे मी अमेरिकेची. अकोल्याची कुठंच नाही."

मनकर्णाबाईनं टोपलं ओढलं, पाकिटं त्यात भरली आणि ते माझ्या हातात दिलं. "भाऊजी, खड्ड्यात."

मी शिवमकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहीना. ती पुन्हा म्हणाली, "ऐकू नाई आलं का?" मी टोपलं नेलं. प्लास्टिक मातीत घालू नये म्हणून एकेक पाकीट विळ्यानं फाडायला बसलो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सीमा ते सगळं पाहत होती.

पंगत झाली. सवाष्णी मान खाली घालून जेवल्या, कुणी दुसऱ्यांदा काही मागितलं नाही. खड्ड्यात त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवम गाडी काढून अमरावतीला गेला. दुपारी आला तो कागदात गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे घेऊन. लपवले नाहीत. बाहेरच्या ओट्यावर आईसमोर उघडून दाखवले. "हे आम्ही तिकडे बसवू. आमच्या पद्धतीनं. कुणाला डबे भरून द्यायचे ते देऊ. तुझ्या तू ठेव."

मनकर्णाबाई मुखवट्यांकडे पाहत राहिली. चेहऱ्याचं काम चांगलं होतं, नाकात नथही कोरलेली. मग म्हणाली, "एका चुलीवर दोन लक्ष्म्या नसतात. तू वेगळा निघाला म्हणायचं."

"आई, मी अठरा वर्षांपूर्वीच गेलो ना इथून."

"गेला होता. वेगळा निघाला नोयता."

ती आत गेली. बऱ्याच वेळानं पितळी पातेलं, त्यावर तवा, त्यात सराटा म्हणजे उलथनं, असं सगळं छातीशी धरून बाहेर आली. गुडघ्यांमुळे उंबऱ्यावर अडली, तरी कुणाला हात लावू दिला नाही. आमच्याकडे भाऊ-मुलगा वेगळा निघाला की त्याला चुलीपुरती भांडी देतात. तशी तिनं ती शिवमच्या पायाशी मांडली.

"हे घे. कोणी म्हणू नये का मायनं रिकामं काढलं."

"आई, हे काय नाटक?"

"वाटणी होय. घे."

"चाळीस किलोच्या वर सामान नेता येत नाही," शिवम म्हणाला, आणि मला वाटतं, म्हटल्याबरोबर त्यालाही ते कसं ऐकू आलं ते कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता. सीमा गाडीत जाऊन बसली होती. मुखवटे तिच्या मांडीवर होते. शिवम आईच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ओट्यावर बसलेल्या मनकर्णाबाईनं पाय वर घेतले.

गाडी गेली. संध्याकाळी तिनं जुने मुखवटे स्वतःच धान्यात ठेवले, निरोपाच्या अक्षता टाकल्या, आणि पैठणी पिशवीसकट माझ्या सुनेला, आरतीला, देऊन टाकली. आरती नको नको म्हणत होती. "घे वं," ती म्हणाली, "नाईतर चिंध्या करीन."

वर्षभर शिवमचा फोन महिन्याकाठी येई. ती तब्येतीचं सांगे, पावसाचं सांगे. सुनेचं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

यंदा महालक्ष्म्या तिनंच बसवल्या. आरतीनं हाताखाली केलं, खड्डा मी खणला. सवाष्णी कमी आल्या. जेवणं आटोपली तेव्हा आरतीच्या फोनवर सीमाचे फोटो आले. तिनं भीतभीत म्हातारीसमोर धरले. मोठा हॉल, पितळी मुखवटे, शंभरेक माणसं, दाराशी टेबलावर झाकणाच्या डब्यांची रांग. मंडळातल्या त्या बायका हातात वाट्या घेऊन आंबील पीत होत्या. सीमा मध्ये उभी होती आणि हसत होती, या वेळी खरोखरच.

मनकर्णाबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिलं.

"फुलोरा मागं बांधला तिनं," ती म्हणाली. फुलोरा म्हणजे करंज्या-पापड्यांची झालर; ती लक्ष्म्यांच्या डोक्यावर, समोर लटकवायची असते.

"मी कळवते काकू, अजून काढला नसेल त्याईनं," आरती म्हणाली.

"काई कळवू नोको." तिनं फोन परत दिला. "लोकाच्या घरचं आपल्याले काय करा लागते?"

मग मला म्हणाली, "भाऊजी, माती लोटा."