मेसेजचं आवतण

गोंदियाच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर मी सांभाळायचो. वीज किंवा नेटवर्क जाऊन तो बंद पडला की मॉनिटरिंग सॉफ्टवेअर सगळ्यांनाच मेसेज पाठवायचं, आणि दुसरा कोणी बघेल म्हणून कोणीच उठायचं नाही. वैतागून मी सरळ गट पाडले. विजेचा मेसेज विजेवाल्यांना, नेटवर्कचा नेटवर्कवाल्यांना. झालं! आमगावहून येणारे आमचे हेडक्लार्क लग्नाचं आवतण चुकल्यासारखे रुसले.

"मले काऊन मेसेज येत नाही? मी का परका आहो?"

आजवर एकाही मेसेजला हा माणूस खुर्चीतून हलला नव्हता. मी त्यांना विजेच्या गटात घातलं आणि 'पाहिलं' असं कळवेपर्यंत मेसेज येतच राहील, अशी सोय केली. त्या आठवड्यात विजेची लाइन सारखी जात होती. शनिवारी ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले.

"मले परकाच राहू दे, बापा."