बारा की बावीस

आमच्या शेजारच्या चाचींना दिवसातून दोनदा इन्शुलिन लागतं. त्यांचा हात थरथरतो, आणि सुई टोचताना नुसतं बघितलं तरी त्यांच्या सुनेला भोवळ येते. त्यामुळे ज्या वर्षी निवृत्त होऊन आम्ही पारनेरला राहायला आलो, त्याच वर्षी हे काम माझ्याकडे आलं. मी पस्तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. वस्त्यांवर चालत जाऊन लसी टोचल्या, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली. शेजारणीला दोन वेळा सुई टोचायची म्हणजे मला काहीच वाटायचं नाही. सकाळी अठरा युनिट, संध्याकाळी बारा. चाची जेवणाआधी डब्यात बाटली आणि सिरिंज घेऊन यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "घ्या सिस्टर, टोचा." तीन वर्षं असंच चाललं होतं.

डोळ्यांचं कधी सुरू झालं, ते नेमकं सांगता येत नाही. पहिल्यांदा जाणवलं ते उन्हातून घरात येताना. पूर्वी दारातून आत आलं की क्षणभर अंधारी यायची आणि लगेच सगळं दिसायला लागायचं. आता तसं होईना. स्वयंपाकघरात येऊन मी भिंतीला हात लावून उभी राहायचे, आणि मांडणीवरची भांडी ओळखू यायला पाच-सात मिनिटं जायची. मग एकदा देवळात संध्याकाळच्या भजनाला माझ्या सख्ख्या जावेला मी ओळखलं नाही. तिनं गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "फारच शिष्ट झालीस गं." मी हसण्यावारी नेलं. पण घरी येताना करड्या फरशीची करडी पायरी मला दिसलीच नाही, आणि पाय असा धसकन खाली गेला की कंबरेपर्यंत कळ आली.

गंमत म्हणजे दिवसा मला सगळं दिसायचं. अंगणात बसून पेपर वाचायचे, तांदूळ निवडायचे. गावातल्या शिबिरात मी अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. तपासणारा म्हणाला, "आजी, तुमची नजर चांगली आहे. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काळजी करू नका." मला ते ऐकायला बरं वाटलं. मग दोष राहिला दिव्यांचा. मी घरातले सगळे बल्ब बदलून मोठे लावले. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, त्यांना झगझगाट सोसत नाही. म्हणाले, "लग्नघर केलंस की घराचं."

श्रावणात एका संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं आणि लाईट गेली होती. ओट्यावर इन्व्हर्टरचा एकच बारीक दिवा चालू होता. चाची आल्या, बसल्या. मी बाटली उलटी धरून औषध ओढलं. सिरिंजवरच्या रेघा बारीक, त्यात मधल्या रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसत होत्या. कडेच्या स्पष्ट, आणि जिथे नजर रोखावी तिथेच धुरकट. तरी मी आकडा धरला, पुढच्या दोन रेघा मोजल्या. सुई टेकवणार, तेवढ्यात अंगठ्याला दट्ट्या नेहमीपेक्षा लांब गेल्यासारखा वाटला.

"चाची, थांबा जरा."

"का वं? काय झालं?"

"बुडबुडा आहे," मी खोटंच सांगितलं आणि आत गेले. मोबाईलची बॅटरी लावून सिरिंज अगदी डोळ्याजवळ धरली. दहाचा समजून मी विसाचा आकडा धरला होता. आत बावीस युनिट होते.

जास्तीचं औषध काढलं, तीनदा बघितलं, बाहेर येऊन बारा टोचले. "घरी जाऊन लगेच जेवा," एवढंच म्हणाले. त्या गेल्यावर मी ओट्यावर बसले आणि रिकामी सिरिंज पुन्हा बॅटरीखाली धरून बघितली.

बावीस गेले नाहीत, हे खरं. पण तीन आठवड्यांपूर्वी चाचींना संध्याकाळी एकाएकी दरदरून घाम फुटला होता. हातपाय गार, बोलणं अडखळत होतं. मशीनवर साखर अगदी खाली आलेली दिसली. साखरेचं पाणी पाजलं, तासाभरात त्या सावरल्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की चाची नीट जेवत नाहीत. सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच म्हणाले होते, "तुमचं जेवणाचं काही खरं नाही!"

त्या दिवशी मी किती टोचलं होतं? अंगठ्याला तेव्हा का कळलं नाही? की तेव्हा बाराच होते आणि चाची खरंच जेवल्या नव्हत्या? मी एकेक संध्याकाळ आठवून बघत होते, कोणता दिवा होता, आभाळ होतं की नव्हतं. हाती काहीच लागेना.

दोन दिवस चाचींना दिवस मावळायच्या आत बोलावून टोचलं आणि तिसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन नगरला डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे गेले. त्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. थेंब घालून त्यांनी बराच वेळ आत बघितलं, फोटो काढला आणि पडद्याच्या मध्यभागी साचलेले फिकट पिवळे ठिपके मला दाखवले.

"मग मी तक्ता कसा वाचला?" मी विचारलं.

"पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, भरपूर उजेड. तिथे तुम्हाला अडणार नाही. कमी उजेडात, एकसारख्या रंगात पहिल्यांदा अडतं. उन्हातून सावलीत आल्यावर डोळ्याला वेळ लागतो, तो यामुळेच."

"पूर्ण दिसायचं बंद होईल का?"

"वयामुळे पडदा झिजायची ही सुरुवात आहे. सगळ्यांचं वाढतंच असं नाही. पण लक्ष ठेवावं लागेल." या टप्प्याला बरं करणारं औषध नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. चौकटींचा एक कागद दिला. एकेक डोळा झाकून तो बघायचा, आणि रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी निघून यायचं.

मी त्यांना सिरिंजचं सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडूनच चूक झाली असेल का, असंही विचारलं. त्यांनी फोटो बाजूला ठेवला. "ते मला डोळे बघून सांगता येणार नाही," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात, चाची ओट्यावर बसल्यावर मी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, बावीसचं, बुडबुड्याच्या थापेचं.

चाचींनी विचारलं, "मला घाम फुटला हुता, तवा?"

"मला माहीत नाही, चाची. खरंच माहीत नाही."

त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता ऊन हाय न्हवं? मंग टोचा." मी अठरा युनिट टोचले. डबा उचलून त्या गेल्या. त्या संध्याकाळी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

सून त्यांना स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेते, हे ह्यांच्याकडून कळलं. मला घरात बसवेना. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग दिला. मांडणीवरचे डबे काढले, पुसले, परत लावले. दिवस कलला की दारात जायचे, नळापर्यंत चालून यायचे, पुन्हा दारात. चाचींच्या घरातून कढईचा आवाज आला तरी कान टवकारायचे.

"अहो, तुम्ही जाऊन विचारून या ना," मी ह्यांना म्हणाले.

"मी कशाला? तू जा."

मला जाववलं नाही. काय तोंडाने जाणार?

पाचव्या संध्याकाळी फाटक वाजलं. चाची होत्या, मागे सून. चाचींच्या हातात नेहमीचा डबा नव्हता, इन्शुलिनचं पेन होतं.

"ह्याला फिरवलं का कट वाजतंय," त्या म्हणाल्या. "एक कट म्हंजी एक युनिट. दवाखान्यात शिकवलं. माजा हात हालतोय, तुमी धरा. मीबी मोजते, तुमीबी मोजा. ही आकडा बघंल. आकडा बघाया हिला भ्या वाटत न्हाई."

"चाची, मी घाबरले होते."

"मी लई चिडले हुते. पन त्या दवाखान्यातल्या मानसाचा हात जड हाय." त्यांनी पोटावर बोट ठेवून काळानिळा डाग दाखवला. "तुमचा हात हलका हाय, मला म्हाईत हाय."

घामाच्या दिवसाबद्दल त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. त्यांनी मला माफ केलं की तो प्रश्न बाजूला ठेवला, हे मला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही होत नाही.

आता आम्ही तिघी ओट्यावरच्या सगळ्यात मोठ्या दिव्याखाली बसतो. मी पेन फिरवते, दोघी मोठ्याने मोजतो, सून आकडा वाचते आणि सुई लावायच्या आत तोंड फिरवते. परवा रस्त्यावरून टेम्पो गेला. त्या आवाजात माझे अकरा झाले आणि चाचींचे बारा. सून "बारा" म्हणाली. तरीही मी पेन शून्यावर आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. चाचीही पुन्हा एकपासून माझ्याबरोबर मोजू लागल्या.