टिटवीने अडवलेल्या कापसाच्या गाड्या
कापसाच्या तेजीत अकोल्याभोवतीचं वीतभर गवतही नांगराखाली गेलं. कबरस्तानात मात्र विळा चालत नसे, म्हणून ससे, तितर, मुंगूस सारे तिथे राहायला आले. बाजारात जागा मिळेना, तेव्हा मीही माझ्या कापसाच्या गाड्या तिथेच रित्या करायला नेल्या.

राखणदार चाचांनी हात आडवा केला. "शेठजी, तिथं टिटवीची अंडी हायेत!"

मी हसून पुढे झालो, तोच टिटवी किंचाळत अशी झेपावली की माझी पगडी धुळीत.

"इथले बाकीचे सारे मुकाट निजले हायेत," चाचा म्हणाले. "ही एकटीच भांडते."

वळिवाची भीती असूनही गाड्या मी रस्त्यावर ठेवल्या. आठवड्याने चार पिल्लं कबरींमधून तुरुतुरु धावली, चाचा ते सांगायला आले आणि मी भर बाजारात टाळ्या पिटल्या.