काय दिसलं ते सांग

त्या दिवशी सकाळी नऊच्या पुढं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हल्ली असे फोन काहीतरी विकण्यासाठीच येतात, म्हणून मी उचलला नाही. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा जरा चिडूनच उचलला. पलीकडून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, ‘‘दत्ताभाऊ का जी? मी मनिराम. जंगलातून बोलतो. उत्तमबाबूचा आज फोन नाही आला जी. सात झाले, आठ झाले... मी लावतो तं उचलत नाहीत. तुमचा नंबर त्यायनंच देल्ला होता, तुमी जवळच राह्यता म्हणत होते. जरा पाहून येता का?’’ आगगाडीनं अख्खा दिवस लागावा इतक्या लांबून हा माणूस मला सांगत होता, की माझ्याच गावातल्या, माझ्याच मित्राच्या घरी मी जाऊन यावं. मी चपला घातल्या. उत्तमचं घर सेलूला रुळांच्या पलीकडच्या अंगाला. नेमकी मालगाडी आडवी, फाटक बंद. मालगाडीला शिव्या घालत उभा राहिलो. पोचलो तर उत्तमच्या दाराला आतून कडी होती. शेजारच्या सुतारांनी बिजागरी काढली. उत्तम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पडलेला होता, अंगावर बनियन, बाजूला भरून वाहिलेली बादली. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहायची म्हणून पाहिली. मी विचारलं, ‘‘कधी झालं असेल?’’ ते म्हणाले, ‘‘सकाळी कधीतरी. नेमकं कसं सांगू, काका?’’

त्याला आता दीड महिना झाला. ‘सकाळी कधीतरी’ हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण उत्तम मलाही रोज सकाळी सातला फोन करायचा. त्या दिवशी मलाही तो आला नव्हता. मनिरामला जे लांबून कळलं, ते मला दहा मिनिटांच्या अंतरावर, सातलाच कळलं होतं.

उत्तम आणि मी शाळेपासूनचे. त्याचे वडील जिनिंगमध्ये हमाल होते, आमची जवळच्या गावात कोरडवाहू शेती. मी शाळेसाठी सेलूत मामाकडं राहायचो. मधल्या सुट्टीत त्याच्या घरी चुलीपाशी बसून भाकरी खायचो. तो मामाकडं आला की मात्र ओट्यावर बसायचा, पाणीही तिथंच मिळायचं. तो त्याबद्दल कधी बोलला नाही आणि मीही मामीला कधी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. भेटलो की तो ‘‘जयभीम’’ म्हणायचा, मी ‘‘रामराम’’ म्हणायचो. पन्नास वर्षांत दोघांनीही आपापला शब्द सोडला नाही. पुढं मी एसटीत लागलो आणि बढती मिळत मिळत पाथरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक झालो. तो वनखात्यात वायरलेस ऑपरेटर झाला आणि त्याला थेट विदर्भात धाडलं, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्यालयात. परभणीच्या माणसाला जंगल म्हणजे बाभळी आणि फार तर बोरीचं झुडूप. त्याची आई रडली. मी त्याला गाडीत बसवताना म्हणालो, ‘‘वाघाला सांग, सेलूचा हाय म्हणावं, कापूस खाऊन वाढलेलं मांस हाय, चव न्हाई.’’

गंमत म्हणजे एवढ्या नोकरीत त्यानं एकदाही वाघ पाहिला नाही. तो सुट्टीवर आला की गावातलं कुणीही आधी तेच विचारी, आणि तो खरं तेच सांगे. लोकांचा हिरमोड होई. त्याचं जंगल कानातून आलेलं होतं. आत दूरवर संरक्षण कुट्या असतात. कुटी म्हणजे दोन-तीन वनरक्षकांनी राहायची पत्र्याची किंवा दगडाची खोली. अशा प्रत्येक कुटीतून सकाळी सातला वायरलेसवर आदल्या दिवसाची खबर यायची. पाणवठ्यात पाणी किती, वणवा अडवायची जाळरेषा कुठपर्यंत साफ झाली, पर्यटकांची गाडी कोणत्या नाल्यात रुतली, कुणाची गुरं हद्दीत शिरली, अस्वल रस्त्यात किती वेळ बसून राहिलं. एका कुटीतलं हजेरीचं रजिस्टर माकडानं पळवलं, तर तेही रीतसर कळवलेलं. उत्तम हे सगळं लिहून घ्यायचा, त्याचा एक कागद करायचा आणि साडेसातला तो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. पुढं पुढं आसपासच्या आणखी दोन-तीन उद्यानांची खबरही त्याच्याचकडं यायला लागली. ज्या कुटीत काहीच घडलं नसेल, तिच्यापुढं लिहायचं : निरंक. सरकारी कामातला हा फार सोयीचा शब्द. आमच्या डेपोतही होता. वर्षातले तीनशे दिवस आम्ही तोच लिहायचो.

ती गोष्ट त्यानं मला निवृत्त होऊन सेलूला परतल्यावर सांगितली, स्टँडसमोर चहा पिताना. एका पावसाळ्यात एक कुटी सातला बोलली नाही. तिथला एक जण रजेवर होता, दुसरा एकटा. पावसाळ्यात बॅटऱ्या उतरायच्या, त्यामुळे कुटी गप्प राहणं नवीन नव्हतं. उत्तमनं तीनदा आवाज दिला. साडेसात व्हायला आले होते. साहेबांना कागदावर रिकामी जागा चालत नसे. त्यानं त्या कुटीपुढं ‘निरंक’ लिहिलं आणि कागद पाठवून दिला. दुसऱ्या दिवशीही ती बोलली नाही, तेव्हा माणसं धाडली. तो एकटा वनरक्षक आदल्या पहाटेच गस्तीवर निघून नाल्यात घसरला होता. पाय मोडून एक अख्खा दिवस आणि रात्र तो दगडात पडून होता. जिवानिशी वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशी झाली, बॅटरीचा दोष निघाला, उत्तमला कुणी चकार शब्द बोललं नाही. ‘‘कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, दत्त्या,’’ तो म्हणाला. ‘‘माणूस नाल्यात आवाज द्यायलाय, अन् मी त्याच्या नावापुढं निरंक लिहायलोय... सुंदर अक्षरात.’’ त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यानं कुणाचंही निरंक घेतलं नाही. घडलं नसेल तर नसू दे, पण डोळ्याला काय दिसलं ते एक वाक्य सांग, आवाज ऐकू दे, असा त्याचा हट्ट. पोरं वैतागत, काहीबाही सांगत. मोराचं पीस, हत्तीएवढा ढग, चुलीत शिरलेला विंचू. तो सगळं लिहून घेई.

तो परत आला त्याच वर्षी माझी बायको गेली. मुलगा पुण्याला, त्याचा संसार तिकडं. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उत्तमचा फोन. ‘‘जयभीम. काय दिसलं?’’ मला संताप आला. म्हणालो, ‘‘उत्तम, माझ्या घरात काय दिसणार आता? भिंत दिसायलीय.’’ तो म्हणाला, ‘‘कोणत्या रंगाची?’’ मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तेच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणून मी नाद सोडला आणि उत्तरं द्यायला लागलो. डास दिसला. समोरच्या बाईंनी वाळत घातलेल्या कुरडया दिसल्या. एकदा म्हणालो, लाल रंगाची मोठी जनावरं दिसली, कळपानं, पाथरीच्या रस्त्याला. तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘किती?’’ मी म्हणालो, ‘‘तीन. एकीचा पत्रा लोंबायलाय.’’ तेव्हा तो हसला. फोन एवढाच असायचा, दोन मिनिटांचा. आता लिहिताना वाटतं, त्या दोन मिनिटांसाठी मी सकाळी उठून खिडकीत जात होतो, कुरडया मोजत होतो, भारद्वाज ओळखायला शिकलो होतो. त्याला हे कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी एसटीचा माणूस. आमच्याकडं गाडी आली नाही म्हणजे गाडी येणार आहे. टायर बसला असेल, सोनपेठच्या बाजाराची गर्दी असेल, ड्रायव्हर कुठं चहाला थांबला असेल. स्टँडवर येऊन ‘‘साहेब, गाडी कधी?’’ म्हणून बेजार करणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर एकच सांगत आलो : ‘‘बसा, येईल.’’ आणि यायची, शंभरातून शंभर वेळा. उत्तमला याचा राग यायचा. ‘‘तुझ्या येईलमध्ये माणूस मरतंय,’’ तो म्हणायचा. मी म्हणायचो, ‘‘अन् तुझ्या फिकिरीत आपण दोघं मरायलोत.’’

त्या दिवशी सात वाजले, फोन वाजला नाही. मी घड्याळ पाहिलं, हे मला पक्कं आठवतं. सव्वासातला पुन्हा पाहिलं. मनात काय आलं तेही आठवतं : येईल. नळाला पाणी आलं असेल, भरत असेल. मी चहा केला. खिडकीतून बुलबुल दिसला होता, तो सांगायचा म्हणून लक्षात ठेवला. पेपर वाचला, मृत्यूच्या बातम्यांसकट. आठला वाटलं, आपणच लावावा का? मग वाटलं, आपण कशाला, त्याची रीत आहे, तो करेल... नऊपर्यंत मी माझ्या घरात बसून ‘येईल’ म्हणत होतो, आणि तो तिथं उंबऱ्यापाशी होता. डॉक्टरांनी नेमकी वेळ सांगितली असती तर एकतर मी सुटलो असतो, नाहीतर पुरता सापडलो असतो. आता मी दोन्हीकडं नाही.

त्याची मुलगी सुजाता नांदेडला नर्स आहे. तिनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरासमोर मांडव टाकून केला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण-पंचशील झालं, मग लोक दोन शब्द बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी शाळेतल्या आठवणी सांगितल्या, वाघाची गंमत सांगितली, लोक हसलेही. सातचं काही बोललो नाही. घरी आल्यावर स्वतःची इतकी शिसारी आली, की जेवण गेलं नाही. त्या सकाळी आलेला मनिरामचा नंबर माझ्या फोनमध्ये होताच. मी संध्याकाळी तो लावला. मनिरामला म्हणालो, मला तुला एक सांगायचंय, आणि सगळं सांगून टाकलं. सातलाच कळलं होतं, चहा पीत बसलो होतो, तू फोन केला नसतास तर दुपारपर्यंतही बसलो असतो.

तो म्हणाला, ‘‘पाय गेला तो मीच जी. बाबूनं सांगितलं नाही का तुमाले?’’

उत्तमनं त्या वनरक्षकाचं नाव मला कधी सांगितलंच नव्हतं.

‘‘दवाखान्यात आले होते बाबू,’’ मनिराम म्हणाला. ‘‘खाटेपाशी उभे राह्यले अन् लहान लेकरावानी रडले. म्हणे, मनिराम, माफ कर. मी म्हणलं, बाबू, माफीचं मले काही समजत नाही, अन् पाय काही परत येत नाही. मले त्या नाल्यात पायाचं दुखत नव्हतं जी तेवढं. कोणी आवाज नाही दिला, ते दुखत होतं. म्हणलं, तुमाले काही करायचंच असंन तं रोज सातला मले आवाज द्या. मी जवर आहो तवर. देल्ला जी. त्यायच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी बी देल्ला. त्यायची बाई वारली त्या दिवशी बी देल्ला.’’

मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो, तसा तो म्हणाला, ‘‘ते नका जी. उद्या सातला लावा. मी बसतो वाट पाह्यत.’’

दुसऱ्या दिवशी मी सहालाच खिडकीत जाऊन उभा राहिलो. बरोबर सातला नंबर लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी सांगितलं, समोरच्या बाईंनी आज पापड घातलेत, त्यावर एक चिमणी बसली होती, आता उडाली. ‘‘बरं,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून वाटलं, कुठंतरी लिहून घेतोय. मग मी विचारलं, ‘‘अन् मनिराम, तुला काय दिसलं?’’

‘‘मले?’’ तो म्हणाला. ‘‘फोनवर नाव दिसलं जी तुमचं.’’