एक लाख एक

आषाढातला सोमवार, सकाळ. सावलीजवळच्या आमच्या गावची तलावाची पाळ. हजर: दहा घरांचे दहा पुरुष, माशांचं बीज आणणारा टेम्पोवाला, मी आणि माझी धाकटी चुलत जाऊ. गैरहजर: तिचा नवरा. उन्हाळ्यात मोह वेचायला गेला, वाघानं नेला.

तलावावर अकरा घरांचा हक्क. बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, दरवर्षी एक लाख एक. एकेक कोणी मोजत नाही. एक वाटी मोजायची, मग वाट्या मोजायच्या. पण आकडा तोच. वरचा एक शकुनाचा, असं सगळे समजत. माझे सासरे म्हणायचे, "शकुन गेला चुलीत. लाखाले अकरानं भाग जात नाई, एक टाकला का जाते." घरटी नऊ हजार एक्क्याण्णव. या आकड्याला पुढं आणखी कशानंही भाग जात नाही. "भाऊ-भाऊ भांडले तरी वाटा तुटत नाई," म्हणून ते हसायचे.

प्रत्येक घरानं पाण्याकाठी रोवलेल्या आपल्या खुंटाजवळ आपल्या हातानं बीज सोडायचं. ज्याचं बीज पडलं, त्यालाच पुढं जाळं टाकता येतं.

टेम्पोवाल्यानं अकरा पिशव्या उतरवल्या. दहांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "यंदा दहाच वाटे. दहा-दहा हजार. उरला एक, तो तलावाले."

"अकरावं घर कुठी गेलं, भाऊ?" मी विचारलं.

"घर आहे, पुरुष नाई. विधवेचा हात बीजाले लागला तर तलाव वांझ राह्यते."

"अन् तिची पिशवी?"

"दहा जणं वाटून घेऊ."

"घ्या वाटून. नऊशे नऊ येते एकाले. एक उरते."

"तो तिलेच द्या ना, वहिनी. रस्सा करन!" मागून एकजण म्हणाला. पाळीवर हशा पिकला. जाऊ पाण्याकडे बघत राहिली.

मी तिची पिशवी उचलली आणि तिच्या खुंटाजवळ पाण्यात तरंगत ठेवली. तिला म्हटलं, "सोड गाठ." तिनं हात पुढं केला.

"गाठ सुटली तर दोघींच्याही घरचं जाळं बंद," म्हातारा म्हणाला. माझा नवरा त्या दहांतच उभा होता. जाऊनं हात मागं घेतला.

मी पिशवी कोणाला नेऊ दिली नाही, त्यांनी आम्हाला गाठ सोडू दिली नाही. ऊन चढलं. बाकीच्यांनी आपापलं बीज सोडलं. दुपारी पिशवीत सगळी पांढरी पोटं वर आली.

घरी येऊन हिशेब केला. एक लाख एकातून नऊ हजार एक्क्याण्णव गेले. उरले नव्वद हजार नऊशे दहा. दहानं भागले: नऊ हजार एक्क्याण्णव. कोणाचाही वाटा एका माशानंसुद्धा वाढला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी तिचा खुंट उपटला. मी तो उचलून घरी आणला. अजून आमच्या परसात भिंतीला टेकून उभा आहे. तलावाकाठी परत रोवायचा राहिला आहे.