इंजिनातली गव्हाची कणीक

ये वं माय, जवळ सरक. पुण्यात बसली म्हणून काय झालं, हे वाचताना तरी जवळ ये. फोनवर विचारतं काय, तर 'आई, गोळ्या घेतल्या का?' घेते बापा गोळ्या! पण गॅरेजचं नाव काहून काढत नाही तू? तीन वर्षं झाले, एकदा तरी विचारावं.

मले अजून दिसते, दारव्ह्याच्या आपल्या गॅरेजात तू अन् तुहे बाबा शर्यतीच्या गाडीचं इंजिन उघडून बसले आहा. जुनी शंभर सीसीची गाडी, पण बोलणं असं का जसं विमानच बनवून राह्यले. व्हॉल्व्ह उघडणारा तो कॅम, अंड्यासारखा. गाडीनं जास्त हवा ओढावी म्हणून बाकीचे मेकॅनिक त्याच्या टोकावर वेल्डिंगचा थर चढवत. तू टोकाले हातच नाही लावला, खालचं गोल बूड घासून कमी केलं. म्हणे, "बूड बसलं की टोक आपोआपच उंच होते, बाबा."

"पोट्टीनं माहीच अक्कल काढली!" असं ते तुले म्हणाले, अन् चहावाल्यापासून टायरवाल्यापर्यंत कौतुकानं तेच सांगत फिरले.

त्यात ताकद वाढावी म्हणून हेडही, म्हणजे पिस्टनवरचं झाकण, खालून घासलं. आता व्हॉल्व्ह खोल उतरणार, पिस्टन वर येणार. दोघं भिडले की इंजिन गेलं. मधली जागा मोजाचं काम माह्याकडं. पिस्टनवर पिठाची गोळी ठेवाची, तेलाचं बोट फिरवाचं, हेड कसाचं, पान्यानं इंजिन हळूच दोन फेरे फिरवाचं. मग उघडून गोळीवरचा ठसा ब्लेडनं कापाचा. जिथं पीठ सगळ्यात पातळ, तेवढीच जागा. निदान दीड मिलिमीटर पाहिजे. मी नेहमी ज्वारीचं पीठ भिजवत होती. त्या दिवशी तुह्यासाठी पुऱ्यांचा बेत होता, तर घाईत परातीतली गव्हाची कणीक तोडून दिली. मोजलं, बरोबर दीड. तुम्ही दोघं खुश. मग कॅम अन् पिस्टनचा मेळ, म्हणजे टायमिंग, जुळवून चेन तूच चढवली.

आर्णीजवळ, सोयाबीन निघालेल्या वावरात शर्यत होती. दुसऱ्या फेरीत तू सगळ्यांच्या पुढं, अन् खट्‌! गाडी बंद. हेड उघडलं तर व्हॉल्व्ह वाकडा, पिस्टनवर चंद्रकोरीसारखा घाव. तुह्या बाबांनी चार लोकांदेखत म्हटलं, "चेनचा एक दात चुकवला तू. पोरीच्या हाती टायमिंग दिलं, हेच माहं चुकलं."

तू हात पुसले, फडक्याची घडी केली. पुढच्याच महिन्यात नोकरी धरली. येतं, दोन दिवस राहतं, पण गॅरेजची पायरी चढत नाही.

आता ऐक. परवा पुऱ्या लाटत होती. कणकेत बोट दाबलं, तर खड्डा हळूहळू वर आला. जन्मभर पाह्यलं, ध्यानात कधी नाही आलं! ज्वारीचं पीठ दबलं ते दबलं. गव्हाची कणीक परत फुगते. म्हणजे हेड उघडेपर्यंत ती फुगून दीडची झाली होती वं. खरी जागा कमीच होती. दात तुहा बरोबर होता.

पिठाच्याच हातानं गॅरेजात गेली अन् तुह्या बाबांले सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणे, "तूच सांग तिले. माह्यानं नाही होत."

"चार लोकांदेखत बोलाले बरं जमलं!" मी म्हटलं. तर चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी गोणपाटाखालचं इंजिन त्यांनी बाहेर काढलं. नवा व्हॉल्व्ह आणला, पण बसवत नाहीत. कॅमजवळ हात नेतात अन् मागं घेतात. "हे तिचं काम," म्हणतात. मी तिथंच स्टूल टाकून बसते. रॉकेलचा वास तोच आहे, पण तुम्हा दोघांची कचकच नाही. इतकं शांत गॅरेज मले सोसत नाही, माय.

चूक माही होती. पण कागदावर माफी मागून काय होते? समोर बस, मले दोन शब्द सुनाव, त्यांलेही सुनाव. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी. पुण्यावरून निघाली की फोन कर. स्टँडवर तुले घ्याले तेच येतो म्हणतात. लवकर ये वं.