फेस न आलेला साबण

प्रयोगशाळेत सगळे तिला फेसमावशी म्हणत. नाव कुणीतरी खोडीनं ठेवलेलं, पण काम तेच. मांसाच्या चिमुकल्या तुकड्यातली प्रथिनं साबणात विरघळवायची आणि प्रथिनांची ओळख पटवणाऱ्या यंत्राकडे पाठवायची. यंत्राला मात्र साबणाचं भारी वावडं. म्हणून इथला साबण अजब. काम उरकलं की वर आम्लाचे थेंब सोडायचे, तो स्वतःच फुटून तळाशी बसतो. "आमच्या ह्यांच्यासारखा नाही," मावशी म्हणे, "काम झालं की जागा सोडतो."

जितका गुणी तितका नाजूक. नुसता कालवून ठेवला तरी हळूहळू फुटत जातो. म्हणून ताजाच कालवायचा, उरला तर ओतून द्यायचा. पण टूथपेस्टची नळी कापून आतून खरवडणारी बाई ती. ओतून देताना तिच्या जिवावर येई.

त्या दिवशी तिनं मागच्या आठवड्याची उरलेली कुपी काढली. हलवली. फेस आला नाही. मनात पाल चुकचुकली. साबणाची पावडर समोर होती, वेळही होता. "एवढ्यानं काय होतंय," म्हणत तिनं तेच ओतलं.

तुकडा आजारी हृदयाचा, संशोधन करणाऱ्या एका पोरीनं आणलेला. अशा हृदयात एक प्रथिन वाढतं, असा तिचा दावा. ते पेशीच्या तेलकट आवरणात रुतून बसलेलं, साबणाशिवाय हलायचं नाही. यंत्रानं कौल दिला: नाहीच. सर पोरीला म्हणाले, "विषय बंद कर. शुक्रवारच्या बैठकीत तसं सांगून टाकू."

पोरगी मावशीच्या टेबलाला टेकली. "तुमच्या कामाला कुणी नाव ठेवणार नाही, मावशी. माझंच डोकं चुकलं."

मावशीनं उगाच स्वच्छ नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

घरी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. नवरा म्हणाला, "काय गं, कुणाचं घर जाळून आलीस?"

"गप जेवा तुम्ही."

"चोराच्या मनात चांदणं!" तो हसला. त्याला काय ठाऊक.

शुक्रवारी सकाळी पोरगी कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होती. मावशी शेजारी उभी राहिली.

"तो तुकडा उरलाय का गं थोडा?"

"तांदळाच्या दाण्याएवढा. का?"

"साबण शिळा होता. मी वापरला."

पोरीचा हात थांबला. "शिळा आहे, हे कळलं होतं तुम्हाला?"

नाही म्हणायला जीभ शिवशिवली. "फेस आला नव्हता. दिसलं होतं मला."

"आणि मी इतके दिवस रडत होते, तेही दिसत होतं."

पोरगी सरांकडे गेली. शेवटच्या कणावर एकदा करून बघते, एवढंच सांगून तिनं बैठक पुढं ढकलून घेतली. पावडर तिनं स्वतः कालवली. मावशीनं सवयीनं हात पुढं केला, तर म्हणाली, "राहू द्या." रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

प्रथिन सापडलं. पडद्यावर उंच टोक उभं राहिलं, सर खूश झाले. "मागच्या वेळी यंत्राचंच काहीतरी बिनसलं असणार."

यंत्र चालवणारा खाली मान घालून ऐकत होता. पोरीनं मावशीचं नाव घेतलं नाही.

"यंत्राचं नाही, सर," मावशी दारातूनच म्हणाली. "उरलेला साबण मी वापरला. फेस नव्हता, तरी."

सरांनी चष्मा काढला. "असा उरलेला याआधी कधी वापरलाय, मावशी?"

ज्यांचे विषय बंद झाले, जे निघून गेले, त्यांचे चेहरे तिच्यापुढून सरकले. कुणाचं काय झालं, तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "पण कुणाकुणाच्या तुकड्याला, ते आता मला सांगता येणार नाही."